धोट्याची रचना सुधारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तांडापेठ, पाचपावली, गोळीबार चौक, उमरेड आणि भंडाऱ्याकडच्या विणकरांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी धोटा निवडणारे नागपूरचे विद्यार्थीही हल्ली बरंच विचारतात. सुरुवातीचे प्रश्न अगदी मुळातले आहेत, अडचणीचे पुढे आहेत. एक मुद्दा दोनदा आला असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. धोटा म्हणजे काय हे माहीत आहे. पण इतक्या जुन्या वस्तूत सुधारण्यासारखं काय उरलंय?

ताण्याच्या उभ्या तारांमधून आडवी तार पलीकडे नेणं, एवढंच धोट्याचं काम. पण ते तो हजारो वेळा करतो आणि प्रत्येक फेकीत वजन, टोक, बुडाचा कोन, कांडीचा (आडवी तार गुंडाळलेल्या नळीचा) आकार आणि डोळ्यातून (धोट्याच्या अंगातल्या भोकातून) सुटणारी तार या सगळ्यांचा एकदम कस लागतो. यातलं एक जरी बिघडलं तरी कापडावर दिसतं.

सुधारायला भरपूर वाव आहे. मात्र धोटा एकटा कधीच सुधारत नाही. तो ज्या पेटीत थांबतो, ज्या फळीवरून धावतो, ज्या फणीला (ताण्याच्या तारा वेगळ्या ठेवणाऱ्या दातेरी पट्टीला) टेकून जातो आणि ज्या हातातून सुटतो, त्या सगळ्यांशी त्याचं माप जुळावं लागतं. बाजारातून आणलेला उत्तम धोटा तुमच्या मागावर वाईट चालू शकतो आणि शेजारच्या मागावर सुरेख. खालच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथेच आहे.

2. हातफेकीचा धोटा आणि धावता धोटा यांत नेमका फरक काय?

हातफेकीचा धोटा एका हाताने सोडायचा आणि दुसऱ्या हाताने झेलायचा. त्यामुळे कापडाचा पन्हा विणकराच्या हाताच्या आवाक्याएवढाच. त्याहून रुंद कापड विणायचं तर मागावर दोन माणसं लागत.

इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या जॉन के यांनी 1733 साली धावत्या धोट्याचं पेटंट घेतलं. त्यांनी हात्याच्या (फणी बसवलेल्या, पुढे-मागे हलणाऱ्या चौकटीच्या) दोन्ही टोकांना पेट्या बसवल्या, पेटीत पिकर ठेवला आणि दोन्ही पिकर एका दोरीने मधल्या मुठीला जोडले. मुठीला झटका दिला की पिकर धोट्याला ढकलतो आणि धोटा फळीवरून पलीकडच्या पेटीत जातो. एक हात मोकळा राहतो, पन्हा वाढतो, वेगही वाढतो. पुढे त्यांचा मुलगा रॉबर्ट के याने वरखाली सरकणारी पेटी आणली. तिच्यामुळे वेगवेगळ्या रंगांच्या बाण्याचे (आडव्या तारेचे) धोटे आलटून पालटून चालवता येऊ लागले.

रचनेच्या दृष्टीने दोघांची गरज वेगळी आहे. हातफेकीच्या धोट्याला बोटांची पकड आणि झेलण्याची सोय हवी, म्हणून टोकं गोलसर, अंग बुटकं. धावत्या धोट्याला पिकरचा मार खायचा असतो, म्हणून टोकाला लोखंड आणि पाठ-बूड सरळ रेषेत.

3. कांडी फिरणारी चांगली की स्थिर?

हातफेकीच्या साध्या धोट्यात कांडी सळईवर फिरते आणि तार बाजूने सुटते. धोटा थांबला तरी कांडी क्षणभर फिरत राहते, जास्तीची तार सुटते आणि काठावर फंदा पडतो. धावत्या धोट्यात कांडी जागेवर घट्ट असते आणि तार तिच्या टोकावरून निघते. तिथे हा प्रश्न येत नाही, पण तारेचा ताण मुद्दाम द्यावा लागतो (प्रश्न 10). सावकाश हातफेकीला फिरती कांडी पुरते. वेग वाढवायचा असेल तर स्थिर कांडीच घ्या.

4. धोटा हलका केला की श्रम वाचतील, बरोबर ना?

एका हद्दीपर्यंत, हो. नुसता आकडा पाहिला तरी धक्का बसतो. 20 नंबरचं सुती सूत मीटरला साधारण 29.5 मिलिग्रॅम भरतं. 1.2 मीटर पन्ह्याला एका फेकीत लागणारी तार झाली 35 मिलिग्रॅम. यंत्रमागावरचा धोटा 400 ग्रॅमचा धरला तर 35 मिलिग्रॅम सूत पलीकडे न्यायला आपण त्याच्या अकरा हजारपट वजन फेकतो आहोत! तो धोटा सेकंदाला 12 मीटरने गेला तर त्यात सुमारे 29 जूल ऊर्जा साठते, आणि ही सगळी ऊर्जा पलीकडच्या पेटीत त्याला थांबवण्यात वाया जाते. आवाज, उष्णता, पिकरची झीज, सगळं त्यातूनच.

वेग दुप्पट केला तर एका फेकीची ऊर्जा चौपट होते. शिवाय मिनिटाच्या फेकी दुप्पट होतात, म्हणजे लागणारी शक्ती आठपट. यंत्रमागवाल्यांनी वेग वाढवण्याआधी हा हिशेब जरूर करावा. हातमागावर वेग खूप कमी असतो, पण नियम तोच, आणि ती ऊर्जा विणकराच्या खांद्यातून येते. दिवसभर मूठ ओढणाऱ्या माणसाचा खांदा संध्याकाळी काय म्हणतो हे कोष्ट्यांच्या घरात सांगावं लागत नाही.

पण फार हलका धोटा ताण्याच्या तारांना दाबून पुढे जाऊ शकत नाही. एखादी ढिली तार आडवी आली की तो वर उचलला जातो, वाट सोडतो किंवा पलीकडच्या पेटीपर्यंत पोचतच नाही. मग विणकर झटका जोरात देतो आणि वाचवलेले श्रम परत जातात. म्हणून एकदम निम्म्यावर येऊ नका. अंग पोखरून थोडं थोडं वजन काढा आणि दर टप्प्यावर दिवसभर विणून पाहा. काढताना मधून काढा, टोकांजवळून नको. टोकाजवळचं लाकूड पातळ झालं की तिथेच चीर जाते.

5. तोल कसा तपासायचा?

पट्टीच्या धारेवर धोटा आडवा ठेवून तो कुठे तरंगतो तिथे पेन्सिलने खूण करा. एकदा भरल्या कांडीने, एकदा रिकाम्या कांडीने. दोन्ही खुणा मध्याच्या जवळ आणि एकमेकींच्याही जवळ हव्यात. त्यांत मोठं अंतर असेल तर कांडी संपत येते तशी धोट्याची चाल बदलणार, आणि "सुरुवातीला नीट चालतो, शेवटी वाकडा जातो" ही तक्रार येणारच. कांडीच्या खोबणीची जागा थोडी सरकवून हे बऱ्याचदा सुधारतं. वजनासाठी किराणा दुकानातला साधा डिजिटल काटा पुरे.

6. लाकूड कोणतं घ्यावं?

अमेरिका-युरोपच्या गिरण्यांनी धोट्यासाठी कॉर्नेल आणि पर्सिमन ही झाडं नावाजली होती. दोन्ही घट्ट, बारीक पोताची, घासून घासून गुळगुळीत होत जाणारी. यातला पर्सिमन आपल्या तेंदूचा सख्खा भाऊबंद आहे, दोघंही डायोस्पायरॉस या एकाच प्रजातीतले. विदर्भाच्या जंगलात तेंदूला पानांपलीकडे कुणी विचारत नाही. त्याच्या लाकडावर धोट्याच्या दृष्टीने नीट काम व्हावं, असं मला फार मनापासून वाटतं. प्रकल्प शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा विषय घ्यावा.

आज सहज मिळणाऱ्यांत हातमागाला शिसम चांगलं. झाडापेक्षा तुकडा महत्त्वाचा. रेषा धोट्याच्या लांबीत सरळ धावल्या पाहिजेत, गाठ अजिबात नको आणि लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. ओल्या शिसमाच्या धोट्यापेक्षा वाळलेल्या साध्या लाकडाचा धोटा बरा. यंत्रमागासाठी दाबून, राळ भरून, थरांनी चिकटवलेल्या लाकडाचे धोटे मिळतात. ते जड असतात, पण हवेच्या ओलीने कमी बदलतात.

7. पावसाळ्यात पेटीत अडकतो आणि मे महिन्यात सैल होऊन खडखडतो. धोटा खराब आहे का?

धोटा नाही, नागपूरची हवा. मे महिन्यात इथला पारा 45 अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी ठाक असते. जुलैत तीच हवा ओलीचिंब. लाकूड रेषेच्या लांबीत जवळपास बदलत नाही, आडव्या अंगाने मात्र आकसतं आणि फुगतं. म्हणजे धोट्याची लांबी तीच राहते, रुंदी आणि उंची बदलते. त्यात दोन बाजू सारख्या आकसल्या नाहीत तर बुडाचा कोनही बिघडतो, आणि तिथून प्रश्न 8 सुरू होतो.

उपाय तेलाचा. धोटा पूर्ण वाळवून, धातूचे भाग काढून, जवसाच्या तेलात काही दिवस बुडवून ठेवा. मग पुसून, सावलीत, हवेशीर जागी चांगले काही आठवडे सुकू द्या. जवसाचं तेल हवेने घट्ट होतं आणि लाकडाची ओल शोषण्याची गती कमी करतं. गिरण्यांमध्ये हीच पद्धत होती, आणि जवस तर आपल्या विदर्भाचंच पीक. घाई करून ओलसर धोटा मागावर घेतला तर कापडावर पिवळे डाग पडतील, आणि ते निघत नाहीत.

एक धोका कळकळीने सांगतो. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेटू शकतात. सुताच्या घरात, नागपूरच्या उन्हाळ्यात, ही चूक परवडणारी नाही. फडकी मोकळी पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

पेटीही लाकडाचीच असते हे विसरू नका. फक्त धोटा तासून पावसाळा निभावला तर उन्हाळ्यात तो पेटीत डुलणार. पेटीची एक भिंत सरकती ठेवा आणि ऋतूप्रमाणे जुळवा.

8. भाऊ, धोटा सारखा मागाबाहेर उडते. काय करावं?

आधी काम थांबवा. उडालेल्या धोट्याचं टोक डोळ्याला लागलं तर डोळा जातो. यंत्रमागावर हात्याच्या पुढे आडवी संरक्षक सळई असलीच पाहिजे, तिच्याशिवाय चालवू नका.

मग कारण शोधा, या क्रमाने. ताण्यात ढिली किंवा तुटून लोंबणारी तार आहे का? निम्म्याहून जास्त वेळा कारण तिथेच मिळतं, धोट्याला उगाच दोष येतो. पायाखालची पावडी दाबल्यावर ताण्याचे दोन थर वेगळे होऊन जी वाट उघडते, ती पुरेशी उघडते आहे का, आणि धोटा पलीकडे पोचेपर्यंत उघडी राहते आहे का? फळीवर कुठे खड्डा किंवा उंचवटा आहे का? बोट फिरवा, डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं.

हे सगळं ठीक असेल तर कोन पाहा. धोट्याची पाठ आणि बूड यांच्यातला कोन काटकोनाहून किंचित कमी असतो, यंत्रमागावर साधारण 86.5 अंश. फणी आणि फळी यांच्यातला कोन तेवढाच हवा. मग धोटा पाठीने फणीला आणि बुडाने फळीला एकदम टेकून सरळ जातो. वापरून वापरून बूड झिजतं, कोन बदलतो आणि धोटा एका कडेवर चालायला लागतो. जाड पुठ्ठ्याचा साचा करून ठेवा: एक बाजू फणी-फळीच्या कोपऱ्यात बसवून कापायची, मग तोच साचा धोट्याच्या पाठीला लावायचा. मधून उजेड दिसला की कोन गेला. सपाट काचेवर पॉलिश पेपर पसरून बूड हळूहळू घासून तो परत आणता येतो.

शेवटी पिकर पाहा. त्याचा खळगा झिजून एका बाजूला सरकला असेल तर धोटा निघतानाच तिरका निघतो.

9. टोक टोकदार असावं की बोथट?

दोन्ही नाही. शंकूसारखं, पण अगदी पुढे गोलसर. फार टोकदार टोक तार चिरतं आणि पिकरमध्ये रुततं, फार बोथट असेल तर तारांना बाजूला सारत नाही, ढकलतं. दोन्ही टोकांची उंची सारखी आणि पिकरच्या खळग्याच्या बरोबर समोर असावी.

जुन्या रेशमी ओढणीवरून टोक हलकेच फिरवा. कुठेही धागा अडकला तर तिथे बारीक कड उठली आहे, पॉलिश पेपरने ती घालवा. टोक जिथे लाकडात शिरतं त्या सांध्यावरही ओढणी फिरवायला विसरू नका. लाकूड आकसलं की तिथली लोखंडाची कड बाहेर येते. उन्हाळ्यात तारा जास्त तुटण्याचं हे एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

10. काठ आत ओढला जातो, किंवा काठावर फंदे येतात. यात धोट्याचा काय संबंध?

थेट संबंध आहे. धोट्यातून तार जास्त ताणाने सुटली तर काठ आत येतो, पन्हा कमी भरतो आणि काठाजवळच्या ताण्याच्या तारा फणीत घासून तुटतात. कमी ताणाने सुटली तर फंदे.

ताण मोजायला नाण्याची युक्ती चालते. धोटा डोळा कडेला येईल असा टेबलावर दाबून धरा, डोळ्यातून निघालेल्या तारेला एक नाणं चिकटपट्टीने लावा आणि लोंबू द्या. नाणं स्वतःच्या वजनाने सरसर खाली गेलं तर ताण कमी, जागचं हललंच नाही तर जास्त. हळूहळू सरकायला लागतं तो ताण त्या नाण्याच्या वजनाएवढा. 2011 च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं 3.79 ग्रॅमचं आहे, पाचाचं 6 ग्रॅमचं. तुमच्या सुताला कोणतं नाणं जुळतं ते एकदा विणून ठरवा, मग प्रत्येक धोटा त्याच नाण्यावर लावा. भरल्या कांडीने आणि संपत आलेल्या कांडीने, दोन्ही वेळा तपासा.

ताण देण्याची रचना स्वस्तात करता येते. डोळ्याच्या आधी तार दोन-तीन खुंट्यांमधून नागमोडी न्यायची, किती खुंट्यांमधून नेली त्यावर ताण ठरतो. स्प्रिंगच्या दोन चकत्यांमध्ये तार दाबण्याची रचना जास्त बारकाईने जुळवता येते, पण चकत्यांमध्ये सुताची धूळ साठते आणि ताण आपोआप बदलतो. घरात एकच माणूस माग सांभाळत असेल तर मी खुंट्यांच्या बाजूने आहे.

11. कांडी मोठी केली तर सारखी बदलावी लागणार नाही. मग सगळे का करत नाहीत?

फायदा मोठा आहे हे खरं. 20 नंबरचं 10 ग्रॅम सूत म्हणजे सुमारे 339 मीटर. 1.2 मीटर पन्ह्याला 282 फेकी, आणि सेंटिमीटरला 20 तारा बसवल्या तर जेमतेम 14 सेंटिमीटर कापड. एका साडीत कांडी किती वेळा बदलावी लागते ते यावरून काढा.

आता गंमत बघा. कांडीचा दांडा 10 मिलिमीटरचा आणि भरल्यावर जाडी 20 मिलिमीटर असेल, तर जाडी फक्त 24 केल्याने सूत जवळजवळ 60 टक्के जास्त मावतं. मोह होणारच. पण धोटाही तेवढाच उंच करावा लागतो, त्याला जायला ताण्याचे थर जास्त दूर करावे लागतात, प्रत्येक तार जास्त ताणली जाते. 20 नंबरच्या पीळदार सुताला ते सोसेल, बारीक सुताला किंवा कोशाला (टसर रेशमाला) नाही. शिवाय भरलेल्या आणि रिकाम्या कांडीच्या वजनातला फरक वाढतो (प्रश्न 5).

कांडी लांब करणं जास्त सुरक्षित. उंची वाढत नाही, ताण्याला त्रास नाही. मर्यादा पेटीच्या लांबीची आणि तारेच्या ओढीची: लांब कांडीच्या मागच्या टोकावरून तार निघताना ती दांड्याला घासते. म्हणून कांडी भरतानाच मागून पुढे उतरत्या थरांनी भरायची. कांड्या भरणारा हात घरात बहुधा बाईचा असतो आणि धोट्याच्या चर्चेत तिला कुणी बोलवत नाही. कांडी कुठे ढासळते, कुठे अडकते, हे विणकराच्या आधी तिला कळतं. नवीन धोटा ठरवण्याआधी तिला विचारा.

12. कोशासाठी वेगळा धोटा लागतो का?

धोटा तोच चालेल, आतलं अंग बदला. कोशाची तार चपटी, ताठ आणि जाडी-पातळीला असमान असते. कांडीवरून ती एकदम तीन-चार वेढे सुटू शकते. रेशमाच्या धोट्यांत आतून केसाळ कातड्याची किंवा नायलॉनच्या कुच्याची पट्टी लावतात, ती सुटणाऱ्या वेढ्यांना आवरते. हातमागावर जुन्या मऊ ब्रशचे केस लावूनही चांगलं काम होतं. डोळा चिनीमातीचा घ्या. लोखंडी डोळ्यात तारेने खाच पडते आणि मग तीच खाच तार चिरते.

कांडी ओलसर ठेवून विणत असाल तर सळई आणि स्प्रिंग पितळेची किंवा न गंजणाऱ्या पोलादाची हवी. टसरवर गंजाचा डाग पडला की तो माल हातचा गेला.

13. करवतकाठी साडी धावत्या धोट्याने विणता येईल का?

नाही, निदान ती ज्या गोष्टीसाठी ओळखली जाते ती ठेवून नाही. भंडारा-नागपूरच्या करवतकाठीत अंगाचा एक आणि दोन्ही काठांचे दोन असे तीन धोटे चालतात. काठाची आडवी तार काठातच फिरते, अंगाची अंगात, आणि जिथे भेटतात तिथे एकमेकींत अडकतात. म्हणून काठाचा रंग अंगात येत नाही आणि करवतीच्या दात्यांची ओळ स्वच्छ दिसते. धावता धोटा पेटीपासून पेटीपर्यंत जातो, मधेच काठाच्या रेषेवर थांबून वळू शकत नाही. या साडीला भौगोलिक मानांकन आहे, ते याच विणीच्या जिवावर.

मग सुधारायचं काय? हातफेकीचे तीनही धोटे. काठाचे दोन धोटे अंगाच्या धोट्याहून आखूड आणि बुटके करा, त्यांना लांब जायचं नसतंच. बूड बंद आणि गुळगुळीत ठेवा, उघड्या बुडातून कांडी ताण्याला घासते. टोकं बोटात बसतील अशी गोल. सगळ्यांत महत्त्वाचं, तिघांचा ताण नाण्यावर जुळवा (प्रश्न 10). काठाचा ताण अंगाहून जास्त असेल तर सांध्यावर बारीक चुण्या येतात, आणि साडी धुतल्यावर त्या जास्तच उठतात.

14. डोळ्यातून तार तोंडाने ओढायची सवय आहे. काही त्रास होतो का?

होतो, सोडून द्या. परदेशी गिरण्यांत या सवयीला मृत्यूचं चुंबन म्हणत. एकाच धोट्याला अनेक कामगार तोंड लावत, त्यातून क्षयासारखे रोग पसरण्याची भीती होती. सुताची धूळ, खळ आणि रंगही सरळ छातीत जातात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने असे धोटे 1911 साली कायद्याने बंद केले.

उपाय सोपा आहे: डोळ्यापर्यंत वरून तिरकी चीर. तार चिरेत टाकून ओढली की डोळ्यात जाते. चीर सरळ कापली तर विणताना तार बाहेर येते, म्हणून तिला शेवटी एक वळण द्या. जुन्या धोट्याला चीर पाडायची नसेल तर बारीक तारेचा आकडा मागाला दोरीने बांधून ठेवा.

15. थ्रीडी प्रिंटरवर धोटा छापला तर चालेल का?

आकार ठरवायला उत्तम, रोजच्या कामाला सहसा नाही. नेहमीचं पीएलए प्लॅस्टिक 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात पत्र्याखालच्या मागाजवळ किंवा उन्हातल्या गाडीच्या डिकीत ते वाकायला वेळ लागत नाही. एबीएस हे दुसरं प्लॅस्टिक त्याहून बरंच जास्त तापमान सोसतं. छापताना धोटा आडवा ठेवा, म्हणजे थर लांबीत धावतील. उभा छापलेला धोटा पिकरच्या माराने थरांवरच तुटतो. बाहेरचं अंग घासल्याशिवाय ताण्यात घालू नका, थरांच्या कडा तारा ओरबाडतात.

माझा सल्ला: तीन-चार आकार छापून हातफेकीने तपासा, पसंत पडेल तो सुताराकडून लाकडात करून घ्या.

16. आता बिनधोट्याचे माग आले आहेत. मग ही खटपट कशासाठी?

धोट्याने गिरण्या शंभर वर्षांहून जास्त चालवल्या. नागपूरची एम्प्रेस मिल 1877 साली सुरू झाली ती याच युगात. अमेरिकेत नॉर्थ्रॉप मागाने 1890 च्या दशकात रिकामी कांडी आपोआप बदलण्याची सोय केली, जपानच्या साकिची तोयोदा यांच्या 1924 च्या मागाने वेग न कमी करता धोटाच बदलला. मग 1950 च्या दशकात सुल्झरचा माग आला. त्यात कांडी धोट्यात नसतेच. सुमारे 90 मिलिमीटर लांब आणि 40 ग्रॅम वजनाचा एक तुकडा फक्त तारेचं टोक धरून जातो. प्रश्न 4 मधला हिशेब पुन्हा वाचा, म्हणजे हे का झालं ते कळेल. मोठ्या कारखान्याने बिनधोट्याचाच माग घ्यावा, त्यात दुमत नाही.

पण बिनधोट्याच्या मागावर तार प्रत्येक फेकीला कापली जाते, त्यामुळे काठ वेगळा बांधावा लागतो. धोट्याची तार वळून परत येते आणि काठ आपोआप बंद होतो. साडीत काठच तर पाहिला जातो. आणि करवतकाठीसारखी वीण (प्रश्न 13) धोट्याशिवाय होत नाही. ज्यांच्या घरात आज हातमाग आहे त्यांच्यासाठी चांगला धोटा ही सगळ्यांत स्वस्त सुधारणा आहे.

17. मूठ ओढण्याऐवजी छोटी मोटर बसवली तर तो हातमागच राहील ना?

इथे जपून. हातमागासाठी काही प्रकारचं कापड राखून ठेवणारा 1985 चा कायदा विजेवर चालणाऱ्या मागाला यंत्रमाग मानतो. मोटरने धोटा फेकायला लागलात तर हातमाग म्हणून मिळणारी ओळख, चिन्ह आणि योजना धोक्यात येतात. खांदा वाचवायचा असेल तर आधी मुठीची उंची, दोरीची लांबी आणि धोट्याचं वजन जुळवा. कांड्या भरायच्या रहाटाला मोटर लावण्याचा प्रश्न वेगळा, ती मागावर बसत नाही. तरीही कोणत्याही योजनेत असाल तर नागपूरच्या विणकर सेवा केंद्रात विचारूनच बसवा.

18. मी केलेल्या धोट्याचं पेटंट मिळेल का?

रचनेत खरोखर नवीन, जाणकाराला सहज न सुचणारी आणि उपयोगी युक्ती असेल तर मिळू शकतं, अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षांसाठी. नुसता वेगळा दिसणारा आकार असेल तर डिझाइन नोंदणी, 10 वर्षं आणि पुढे आणखी 5. डिझाइन नोंदणी दिसण्याला संरक्षण देते, काम करण्याच्या पद्धतीला नाही, हा घोळ खूप जण करतात. प्रश्न 14 मधली चीर किंवा प्रश्न 10 मधल्या खुंट्या जुन्या आणि सर्वांना माहीत आहेत, त्यांवर हक्क सांगता येणार नाही.

अर्ज करण्याआधी प्रदर्शनात, व्हिडिओत किंवा कॉलेजच्या अहवालात सगळं उघड करू नका. बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था नागपुरातच आहे, तिथून सुरुवात करा.

19. नवा धोटा जुन्यापेक्षा चांगला आहे हे प्रकल्पात सिद्ध कसं करायचं?

माग तोच, ताणा तोच, सूत तेच, विणकर तोच. बदलायचा फक्त धोटा. सकाळी जुना आणि दुपारी नवा असं करू नका, दुपारची हवा कोरडी असते आणि माणूस थकलेला असतो. दोन्ही धोटे आलटून पालटून, दर कांडीला बदलून चालवा. नोंदवायचं एवढंच: ताण्याच्या किती तारा तुटल्या, बाण्याच्या किती, धोटा किती वेळा अडकला, काठ किती मिलिमीटर आत आला, एक कांडी संपायला किती वेळ लागला.

आणि विणकराला नव्याची सवय होऊ द्या, मगच आकडे लिहायला लागा. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक नवा धोटा वाईटच वाटतो.

20. विणकर डावखुरा असेल तर?

हातफेकीच्या धोट्यात डोळा ज्या बाजूला आहे ती बाजू विणकराकडे यावी लागते, म्हणून डोळा दोन्ही अंगांना ठेवून घ्या, खर्च फारसा वाढत नाही. धावत्या धोट्याला फरक पडत नाही. फक्त मुठीची दोरी डाव्या हाताच्या सोयीने बांधा आणि दोन्ही बाजूंना झटका सारखा बसतो आहे का ते पाहा. सारखा नसेल तर एका पेटीत धोटा आपटतो आणि दुसरीत अर्धवट थांबतो.